तिसरी चाकरी

युद्धासाठी घडविलेल्या यंत्राच्या नशिबी एकच चाकरी असावी आणि ती संपताच त्याची रवानगी भंगारात व्हावी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. तोफा बुरुजांवर पावसात भिजत राहतात, आणि विमाने तर वितळवली जाऊन त्यांच्या अॅल्युमिनियमचे आणखी काहीतरी होते. या रिवाजाला छेद देणारा एक व्यवसाय गेल्या काही दशकांत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत रूढ झाला आहे. दुसऱ्या महायुद्धातील, क्वचित त्याहूनही जुनी, लढाऊ विमाने कोठून तरी हुडकून काढावयाची, वर्षानुवर्षे खपून ती उड्डाणक्षम करावयाची, आणि ज्याच्याजवळ पैसा व हौस दोन्ही आहेत अशा सामान्य नागरिकाला त्यांत बसवून अर्धाएक तास आकाशात हिंडवून आणावयाचे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. मुदखेडसारख्या, फुलशेतीसाठी आणि रेल्वे जंक्शनासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावी बसून या विषयावर लिहिणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु या विमानांचे दप्तर उघडून त्यांची कुळकथा वाचू लागले, की त्यांत हैदराबाद, सोलापूर आणि पुणे ही आपल्या ओळखीची नावे अशा काही ठिकाणी भेटतात की विषय परका राहत नाही.

आरंभ निजामापासून करणे भाग आहे. पहिले महायुद्ध संपत आले असता, १९१८ साली, ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डी. एच. ९ए जातीची जी बाँबफेकी विमाने मिळाली, ती हैदराबादच्या निजामाने दिलेल्या देणगीतून, आणि त्या विमानांच्या अंगावर दात्याचा उल्लेखही रंगविलेला होता. त्यांपैकी एफ १०१० या क्रमांकाचे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीवरील स्वारीत शत्रूच्या हाती पडले, विजयचिन्ह म्हणून बर्लिनच्या संग्रहालयात मांडले गेले, दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत पोलंडमध्ये पोहोचले, आणि १९७७ साली क्राकोहून लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये परतले. ते आजही तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धात हाच क्रम पुढे चालून १५२ क्रमांकाचे स्पिटफायर स्क्वाड्रन आणि २५३ क्रमांकाचे हरिकेन स्क्वाड्रन ही दोन्ही हैदराबादच्या नावाने ओळखली गेली. पैकी १५२ च्या मानचिन्हावर निजामाची पगडी विराजमान होती, आणि ब्रीदवाक्य होते निजामाला इंग्रजांनी बहाल केलेल्या ‘यार-ए-वफादार’ या किताबाचे इंग्रजी रूप. निजामाच्या खजिन्यात तेलंगण आणि कर्नाटकाबरोबर नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि ज्यात लातूरचा मुलूख मोडत असे तो उस्मानाबाद या मराठी जिल्ह्यांचाही महसूल जमा होत असे. तेव्हा १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जर्मन विमानांवर झेपावणाऱ्या त्या स्पिटफायरांच्या किमतीत आमच्या काळ्या जमिनीच्या साऱ्याचाही काही अंश होता, असे म्हणण्यास हरकत नसावी. रयतेला अर्थातच कोणी विचारले नव्हते. विशेष हे, की परक्या राज्याला स्क्वाड्रनांमागून स्क्वाड्रने देणाऱ्या या संस्थानाजवळ स्वतःचे असे हवाई दल कधी उभे राहिलेच नाही, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी बीदर, वरंगळ येथील धावपट्ट्यांवर बाँब टाकले तेव्हा त्यांना आडवे जाण्यास आकाशात कोणी नव्हते.

तथापि निजामाची विमाने ही पहिल्याच चाकरीची कथा झाली. तिन्ही चाकऱ्या ज्याने यथासांग केल्या, असे एक विमान विशेष विस्ताराने सांगण्यासारखे आहे, आणि त्याचे मधले आयुष्य आपल्याच देशात गेलेले आहे.

लिबरेटर हे अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान. पंखांचा विस्तार ११० फूट. प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची, चौदा सिलिंडरांची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने. आणि एकंदर निर्मिती अठरा हजारांहून अधिक, म्हणजे अमेरिकेने कोणत्याही एका जातीची लष्करी विमाने इतक्या संख्येने कधीच बांधली नाहीत. यांतील पुष्कळशी विमाने लेंड-लीज कराराखाली ब्रिटिशांना मिळून ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानात आली. त्या कराराची अट अशी होती, की युद्ध संपल्यावर माल एकतर अमेरिकेला परत करावा अथवा नष्ट करावा. आणि समुद्रापलीकडे परत नेण्याचा खर्च विमानांच्या किमतीहून जड वाटल्यामुळे दुसरा मार्ग पसंत पडला. कानपूरच्या धावपट्टीवर रांगेने उभी केलेली ही अजस्र विमाने, कोठे इंजिनांत वाळू ओतून, कोठे यंत्रफलक कुदळीने फोडून, तर कोठे धडाला जड वाहनाची धडक देऊन पद्धतशीर निकामी करण्यात आली, असे सांगतात. आणि मग इंग्रज निघून गेले.

स्वतंत्र भारताला १९४८ साली जड बाँबफेक्यांची गरज होती आणि ते विकत घेण्यास परकीय चलन नव्हते. ही अडचण सोडविण्याचे काम बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याकडे आले. हा कारखाना म्हैसूर सरकारच्या भागीदारीने डिसेंबर १९४० मध्ये उभा केला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. पुढे सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला, आणि युद्धाच्या उत्तरार्धात तर अमेरिकन सैन्यानेच तेथे आपल्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र चालविले. युद्धकाळातील या योगायोगाचे फळ असे झाले, की बंगलोरच्या कामगारांचे हात अमेरिकन यंत्रांना सरावलेले होते. शिवाय लिबरेटरची इंजिने ज्या घराण्यातील, त्याच घराण्यातील इंजिने डाकोटा विमानांत असत, आणि डाकोटा तर देशात जागोजाग होते. कारागिरांच्या तुकडीने कानपूरच्या त्या भंगारात जाऊन एका विमानाचे अवयव दुसऱ्यास जोडून एकेक धड उडण्याइतपत केले, आणि कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती तशीच, अर्धवट दुरुस्त अवस्थेत, एकामागून एक बंगलोरला उडवीत नेली. आपल्याकडे पराक्रमाची गणना रणांगणावर होते, दुरुस्तीच्या आवारात होत नाही; एरवी या उड्डाणांवर पोवाडे झाले असते. अशा रीतीने चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा कामाला लागले. पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने हीच विमाने सागरी टेहळणीसाठी १९५१ पासून वापरली, आणि १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली तेव्हा जगातल्या दुसऱ्या कोणत्याही हवाई दलाजवळ उडता लिबरेटर उरलेला नव्हता.

ज्या अमेरिकेने अठरा हजार बांधले, तिच्याजवळ संग्रहालयात ठेवण्यासाठीदेखील धड नमुने फारसे राहिले नव्हते, आणि ब्रिटनजवळ तर नव्हतेच. तेव्हा भारताकडे मागणी आली. कॅनडा, अमेरिका आणि लंडनचे म्युझियम येथे आपल्या हवाई दलाचे लिबरेटर गेले. एक विमान मात्र बेवारस पडून होते. ते १९८१ साली एका इंग्रज संग्राहकाने घेतले, सुटे करून मालवाहू विमानातून इंग्लंडला नेले, आणि तीन वर्षांनी ते अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. तेथे त्याची कसून पुनर्बांधणी झाली आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उडाले. कानपूरच्या भंगारात ज्याचा अंत ठरला होता, भारताच्या आकाशात ज्याने दोन दशके काढली, तेच विमान पुढे तीस वर्षे अमेरिकेच्या गावोगावच्या विमानतळांवर उतरून तिकीट काढणाऱ्यांना वर नेत राहिले. ही तिसरी चाकरी.

या उड्डाणात मिळते तरी काय, हे समजून घेण्यासाठी आजच्या प्रवासी विमानाची सवय प्रथम मनातून काढून टाकावी लागते. लिबरेटरमध्ये हवेचा दाब राखण्याची व्यवस्था नाही, आवाज रोखणारे अस्तर नाही, आणि आसने म्हणावीत अशीही नाहीत. उड्डाणाच्या वेळी प्रवाशाने धडाच्या मध्यभागी, जेथे पूर्वी तोफची उभे राहत तेथे, पट्टा बांधून बसावयाचे आणि विमान स्थिरावल्यावर उठून हिंडावयाचे. दोन्ही बाजूंच्या उघड्या खिडक्यांतून वारा एवढ्या जोराने आत येतो की बोलणे खुंटते आणि हातवाऱ्यांनी काम भागवावे लागते. पुढच्या भागात जावयाचे तर बाँबकक्षातून जाणारी अवघी नऊ इंच रुंदीची पट्टी ओलांडावी लागते, आणि त्या पट्टीच्या दोहों अंगांस खाली जी दारे दिसतात ती एवढी हलकी असतात की माणसाच्या भाराने निखळावीत. म्हणून पाय पट्टीवरच ठेवण्याची सक्त ताकीद आधीच मिळालेली असते. एकोणीस-वीस वर्षांची पोरे लोकरी कपड्यांत, प्राणवायूची नळी तोंडाशी लावून, हीच पट्टी वीस हजार फुटांवर ओलांडीत असत. हे पुस्तकात वाचलेले असते, पण पट्टीवर एक पाय ठेवल्यावर त्या वाक्याचा अर्थ निराळा होतो; आणि माझ्या मते या सर्व व्यवहाराचे समर्थन करावयाचे तर ते एवढ्याच एका गोष्टीवर करता येईल. बाकी शौर्याचा जो आव जाहिरातींत आणलेला असतो तो पोकळ आहे, कारण खालून गोळ्या झाडणारे कोणी नसते आणि अर्ध्या तासात चहाची वेळ होते.

परंतु धोका नसतो असे नव्हे, आणि येथेच या व्यवसायाचा खरा विचार करण्याजोगा भाग येतो. प्रवासी विमानाचा परवाना देताना सरकार प्रवाशाचा जामीन राहते. विमानाची बांधणी, देखभाल, वैमानिकाचे शिक्षण, सर्व काही ठराविक प्रमाणाला उतरते की नाही हे पाहण्याचा जिम्मा सरकारचा, आणि प्रवाशाने त्याविषयी काही जाणून घेण्याची अपेक्षा नसते. युद्धकालीन विमान या प्रमाणाला उतरूच शकत नाही. ते बांधले गेले तेव्हा त्याचे आयुष्य काही महिन्यांचे धरलेले होते, त्याचे सुटे भाग बनविणारे कारखाने केव्हाच बंद पडले, आणि इंजिन थांबल्यास दुसरा उपाय योजण्यास त्याच्या आराखड्यात फारशी जागा ठेवलेली नव्हती. म्हणून अमेरिकेच्या विमान खात्याने १९९० च्या दशकात अशा उड्डाणांस नियमांतून खास सूट देण्याची पद्धत सुरू केली. ब्रिटनच्या खात्याने पुढे आपली योजना आखली. तपशील भिन्न असले तरी दोन्हींचा गाभा एकच आहे: हे विमान प्रवासी विमानाच्या सुरक्षिततेच्या दर्जाचे नाही हे प्रवाशास आधी स्पष्ट सांगावे, त्याने ते समजून घेऊन सही करावी, आणि मगच पाऊल आत टाकावे. सरकार जामीनकी सोडते आणि तिच्या जागी माहिती ठेवते.

ही तडजोड कागदावर चोख दिसते, पण तिच्यात एक उणीव आहे, आणि ती दोन अपघातांनी उघड केली. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्विस हवाई दलातून निवृत्त झालेले, १९३९ साली बांधलेले युंकर्स ५२ जातीचे विमान सतरा प्रवासी व तीन कर्मचारी घेऊन लोकार्नोहून ड्यूबेनडॉर्फकडे निघाले असता आल्प्सच्या एका खोऱ्यात कोसळून सर्व वीस जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोष निघाला तो यंत्रापेक्षा वैमानिकांच्या, डोंगरांच्या कुशीतून धोका पत्करून उडण्याच्या पद्धतीचा. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या ब्रॅडली विमानतळावर कॉलिंग्ज फाउंडेशनचेच बी-१७ जातीचे बाँबफेके, म्हणजे आपल्या लिबरेटरचे गावोगावच्या दौऱ्यांतील सोबती, उड्डाण करताच इंजिन मंदावल्यामुळे परत फिरले आणि उतरताना आदळून त्यातील तेरांपैकी सात जण दगावले. चौकशी मंडळाने वैमानिकाच्या चुकीबरोबरच अपुऱ्या देखभालीवर आणि सरकारी देखरेखीच्या ढिलाईवर बोट ठेवले, आणि मार्च २०२० मध्ये त्या संस्थेची सूट काढून घेण्यात आली. त्याबरोबर आपल्या लिबरेटरची प्रवासी फेरीही थांबली. या दोन्ही विमानांतील प्रवाशांना विमान जुने आहे हे पुरते ठाऊक होते. इंजिनाची देखभाल कशी झाली आहे अथवा वैमानिक खोऱ्यातून कोणत्या उंचीवरून जाणार आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्यांना ते पारखता आले नसते. जुनेपणाला संमती देणे निराळे आणि निष्काळजीपणाला संमती देणे निराळे. पहिली मागता येते, दुसरी कोणत्याही करारनाम्यात लिहून घेता येत नाही. माहिती दिली म्हणजे देखरेखीतून मोकळीक झाली, असे जे सरकार समजेल ते चुकेल.

इंग्लंडमध्ये या धंद्याचे सारे वलय स्पिटफायरभोवती आहे. वास्तविक स्पिटफायर एकट्या वैमानिकाचे विमान. त्यात प्रवाशास जागा आली ती युद्धानंतर, जेव्हा विकर्स कंपनीने शिक्षणासाठी पुढचे आसन साडेतेरा इंच पुढे सरकवून मागे दुसरे, किंचित उंच, असे बसविले. नवव्या आवृत्तीची अशी दोन आसनी विमाने अवघी वीस झाली, आणि त्यांतील निम्मी, म्हणजे दहा, भारतीय हवाई दलाने घेतली होती. आयर्लंडने सहा घेतली; त्यांतील काही आज इंग्लंडमध्ये प्रवाशांना वर नेतात. त्यांपैकी एम. एल. ४०७ या क्रमांकाचे विमान ६ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या स्वारीच्या पहिल्याच दिवशी, एका न्यूझीलंडवासी वैमानिकाच्या हातून जर्मन विमान पाडून बसलेले आहे. अर्ध्या तासाच्या फेरीस सुमारे तीन हजार पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांहून अधिक पडतात, आणि त्यात वैमानिकाच्या मर्जीने दांडा काही क्षण स्वतःच्या हाती धरण्याचे सुखही येते.

या विमानांतील मूळ धातू किती उरला आहे, हा प्रश्न रसिकांत वादाचा आहे. युद्धकालीन रिबिटे व पत्रे गंजून गेलेले असतात, म्हणून पुनर्बांधणीत धडाचा बहुतांश नवा येतो, आणि जुनी म्हणून राहते ती क्रमांकाची पट्टी, काही जोड आणि कागदपत्रे. आपल्याकडे एखाद्या वाड्याच्या तुळया, भिंती, छप्पर पिढ्यापिढ्यांत बदलत जाऊनही सनदेवरचे नाव कायम असल्यामुळे वाडा तोच मानला जातो, तसाच हा प्रकार. आणि मला तरी त्यात फसवणूक दिसत नाही, मात्र नवे किती आणि जुने किती याचा हिशेब गिऱ्हाइकापुढे उघडा ठेवला पाहिजे.

जुन्या लष्करी विमानातून प्रवासी नेणे ही कल्पना आमच्या मुलखाला अगदीच नवी नाही. ज्या निजाम स्टेट रेल्वेचे मुदखेड हे जंक्शन, तिनेच १९४५ साली टाटांच्या भागीदारीत, मोठा वाटा स्वतःकडे ठेवून, डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली, आणि तिचे डाकोटा हे युद्धातून उरलेल्या लष्करी मालातले होते. सैनिकांच्या बाकांच्या जागी आसने बसवून ती विमाने बेगमपेठहून दिल्ली-मद्रासकडे प्रवासी नेऊ लागली. १९५३ साली कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिच्या पहिल्या प्रवाशांनी तिकीट काढले ते वेळेवर पोहोचण्यासाठी. युद्धाची आठवण विकत घेण्याचा विचारही त्यांच्या मनास शिवला नसेल, कारण ते युद्ध संपून पुरते वर्षही लोटले नव्हते.

भारतीय हवाई दलाजवळ आज उडत्या स्थितीत जतन केलेला एक डाकोटा आहे. १९४४ च्या सुमारास बांधलेले हे विमान राजीव चंद्रशेखर यांनी, आपले वडील याच जातीच्या विमानाचे वैमानिक होते म्हणून, इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून हवाई दलास भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेंट्रीहून निघून युरोप व अरबस्तानावरून टप्प्याटप्प्याने जामनगरला आले, आणि ४ मे रोजी हिंडन तळावर दाखल झाले. नाव परशुराम, क्रमांक व्ही. पी. ९०५, जो २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. परशुरामात तिकीट काढून बसता येत नाही, कारण ते हवाई दलाचे विमान आहे, आणि येथे मी हवाई दलाच्या बाजूने आहे: तीन लाखांच्या तिकिटाने त्याचे इंधन निघेलही, पण त्याबरोबर येणारी देखरेख उभारण्यास जी यंत्रणा लागते ती एका विमानासाठी कोणी उभी करणार नाही.

पट्टी ओलांडण्याचा अनुभव तूर्त भारतात कोणास घेता येणार नाही. पण लिबरेटर डोळ्यांनी पाहता येईल. त्यांपैकी एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ठेवलेला आहे, आणि नांदेडहून अमृतसरकडे जाणारी सचखंड एक्स्प्रेस दिल्लीवरूनच जाते. गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंनी भरलेल्या त्या गाडीतून जाणाऱ्या आमच्याकडील मंडळींनी दिल्लीत अर्धा दिवस काढल्यास, कानपूरच्या भंगारातून ज्या माणसांनी ही विमाने उठविली त्यांच्या हातच्या कामाची जोडणी आणि डागडुजी जवळून न्याहाळता येईल.